घरंदाज नायिका आणि आम्ही वाचणारे

प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला आपल्यातली माणसंसुद्धा कमी लेखतात. कवितेच्या बैठकीत कुणी विचारलं, सध्या काय वाचतोयस, आणि मी झुंजारचं नाव काढलं की दोघं हसतात, तिसरा तोंड वाकडं करतो. चळवळीतल्या माणसानं बाबासाहेब वाचावेत, फुले वाचावेत, मार्क्सही वाचावा, हे कबूल. मीही वाचतो. पण मला अक्षराची गोडी काळ्या पहाडानं लावली आणि हे सांगायला मला बिलकूल लाज वाटत नाही. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या ढिगात झालं, आणि रद्दीत ज्ञानेश्वरी कमी सापडते, खून जास्त सापडतात.

तेव्हा ही समीक्षा नव्हे. रातपाळी करून आलेल्या माणसाला झोप येत नाही तेव्हा तो जे वाचतो, त्याबद्दलची ही त्याची मतं आहेत.

माझा आजा मुंबईत डिलाइल रोडच्या चाळीत राहून गिरणीत राबला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आजा त्यांतलाच. गावी परतला तेव्हा त्याच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात दोन धोतरं, बाबासाहेबांची तसबीर आणि बाबूराव अर्नाळकरांची चौदा पुस्तकं. भांडी विकली, घड्याळ विकलं, पण ही चौदा पुस्तकं त्यानं विकली नाहीत. त्या काळात त्यांना कुणी चार आणेसुद्धा दिले नसते, हेही त्याचं एक कारण असेल म्हणा.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६ एवढं दांडगं आयुष्य जगले आणि हजारावर रहस्यकथा लिहून ठेवल्या. एका माणसाच्या हातून एवढं लिहून होतं म्हणजे तोही एक प्रकारचा गिरणी कामगारच, रोजचा माल रोज काढणारा. त्यांचं वाक्य आखूड, थेट. निसर्गवर्णनात पान खर्ची पडत नाही. दुसऱ्या पानावर माणूस गच्चीवर चढलेला असतो, तिसऱ्या पानावर दिवा विझतो. ज्याला अक्षर जोडून जोडून वाचावं लागतं त्याच्यासाठी अशी वाक्यं म्हणजे पायऱ्या. अलंकारिक लिहिणाऱ्यांनी आमच्या वाटेत धोंडेच टाकले, या माणसानं पायऱ्या टाकल्या. मराठी साहित्याच्या इतिहासात याची नोंद कुणी कशी करतं ते करो, माझ्या इतिहासात ती केलेली आहे.

आता हे आमच्या आज्याला का आवडत होतं? त्याच्या खोलीत बारा माणसं पाळीपाळीनं झोपायची. एक उठला की त्याच्या गरम वाकळेत दुसरा शिरायचा. असल्या माणसानं वाचायचं की झुंजार रात्री शेठजीच्या बंगल्यात शिरला, तिजोरी उघडली आणि सकाळी आरामात चहा पीत बसला. आपण ज्या बंगल्याच्या फाटकापाशीही उभं राहू शकत नाही त्यात आपल्या वतीनं कुणीतरी जाऊन येतो, आणि आत काय लबाडी शिजते ते आपल्याला येऊन सांगतो. शिवाय झुंजारची बायको विजया. ती घाबरून किंचाळत नाही, नवऱ्याच्या बरोबरीनं संकटात उडी घेते. आजा म्हणायचा, "बाई असावी तर अशी." आजी चुलीपुढून म्हणायची, "आन् नवरा बी असावा तसा."

पण झुंजारचा मुखवटा काढला तर आत कोण निघतं? सुटाबुटातला साहेबच निघतो. मोटारीतून फिरणारा, इस्त्रीच्या कपड्यातला. आमच्यातला कुणी निघत नाही. आणि तो कुणाचा मुलगा, कुठल्या आळीतला, हे कुणी विचारत नाही. हा माझा मुख्य मुद्दा आहे, तो पुढं येईलच.

अर्नाळकरांनंतर गुरुनाथ नाईक आले. त्यांचे कॅप्टन दीप, मेजर भोसले, उदयसिंह राठोड. नाईकांनीही हजारावर पुस्तकं लिहिली, २०२१ साली गेले. त्यांच्यात गोळीबार जास्त, बॉर्डर जास्त. सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद. यांत मला शिरवळकर सगळ्यात आवडतात. त्यांची माणसं पुस्तकी बोलत नाहीत, टिंगल करतात, एकमेकांची उतरवतात. संवाद असा की वाचताना ओठ हलतात. २००३ साली ते गेले, तरी आजही वाचनालयात त्यांचीच पुस्तकं सगळ्यात फाटकी, आणि लेखकाला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

तरी या सगळ्या रहस्यकादंबऱ्यांतली एक गोष्ट मला खटकत आली. खून बंगल्यात होतो. मालक मरून पडलेला. घरात पुतण्या, दुसरी बायको, भागीदार, डॉक्टर, आणि एक गडी, एक मोलकरीण, एक ड्रायव्हर, एक रखवालदार. मी पाचव्या पानावर सांगतो की गडी, मोलकरीण, ड्रायव्हर आणि रखवालदार यांतलं कुणी खुनी नाही. ते सज्जन असतात म्हणून नव्हे. त्यांनी खून केला तर वाचकाला मजा येत नाही म्हणून. खुनी कसा पाहिजे, त्याला डोकं पाहिजे, इंग्रजी पाहिजे, इस्टेटीवर हक्क पाहिजे. आम्हाला कादंबरीत खून करण्याइतकीसुद्धा अक्कल दिलेली नाही. आणि बाहेर काय होतं? बाहेर बंगल्यातला हार हरवला की पोलीस पहिला गड्याला उचलतात. गावात चोरी झाली की पालावर जातात, पारध्याचं पोर ओढून आणतात. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून आख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पोलिसांच्या डोक्यातून अजून जायचाय. म्हणजे पुस्तकात गड्यावर संशय घेणं हे बावळट इन्स्पेक्टरचं लक्षण, आणि पुस्तकाबाहेर तीच तपासाची पद्धत. हे रहस्य एकाही डिटेक्टिव्हनं सोडवलेलं मी वाचलं नाही.

आता नव्याकडे येतो. पुस्तकं विकत घेणारे कमी झाले, मोबाइलवर वाचणारे वाढले. आमच्या सूतगिरणीत वाइंडिंग खात्यातल्या बाया जेवणाच्या सुट्टीत भागाभागानं येणाऱ्या कादंबऱ्या वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात. एकीच्या कानातली एक वायर दुसरीच्या कानात. पुढचा भाग लगेच पाहिजे तर पैसे टाका, नायतर उद्यापर्यंत थांबा. मीही वाचल्या, पंधरा-सोळा तरी. नावं वेगळी, गोष्ट एकच. तो मोठ्या कंपनीचा मालक, घमेंडखोर, उंच, कुणाला न हसणारा. ती गरीब, स्वाभिमानी, आईच्या ऑपरेशनला पैसे नाहीत. काही तरी अट पडते आणि दोघांचं सहा महिन्यांपुरतं कराराचं लग्न होतं. मग पावसात भिजणं, मग ताप, मग त्यानं रात्रभर उशाशी बसणं. शंभराव्या भागाला तो हसतो.

मी वाइंडिंगमधल्या एका मावशीला विचारलं, "मावशी, हे तुमाला खरं वाटतं का? मालक कामवालीच्या उशाशी बसतोय."

ती म्हणाली, "आपला मालक बघितलायस का तू? हितं पोट पुढं, मालक मागं. त्यो उशाशी बसला तर खाट मोडंल." आणि सगळ्या हसल्या. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "खरं कशाला पायजे रं? खरं तर दिसभर बघतोच की."

या उत्तराला मी अजून उत्तर शोधतोय. पांढरपेशे टीकाकार म्हणतात की असलं वाचन म्हणजे अफू. आठ तास उभं राहून धाग्याची गाठ मारणाऱ्या बाईला अर्धा तास कुणी उशाशी बसलंय असं वाटलं, तर ती अफू असेल. पण त्या टीकाकाराच्या उशाशी कुणीतरी असतं, म्हणून त्याला ते कळत नाही. माझी तक्रार त्या बायांबद्दल नाही, लिहिणाऱ्यांबद्दल आहे.

लिहिणारे एक शब्द वापरतात. घरंदाज. नायिका गरीब, पण घरंदाज. बाप नाही, पण चांगल्या घरची. कपडे साधे, पण संस्कारी. आणि रंग नितळ गोरा. एवढं सांगितलं की वाचणाऱ्याला सगळं कळतं, कुठं काही उच्चारायला लागत नाही. हा "पण" फार कामाचा आहे. गरिबी चालेल, ती तिसाव्या भागात जाईल. जी जात नाही ती आधीच दाराबाहेर ठेवलेली. नायकाचं आडनाव इनामदार नायतर सरदेसाई, नायिकेचं कुलकर्णी नायतर देशमुख. कांबळे, गायकवाड, साठे, वाघमारे अशी आडनावं मी या पंधरा-सोळा कादंबऱ्यांत शोधली. एक कांबळे सापडला. तो ऑफिसात फायली ठेवतो आणि निघून जातो.

हे आजचं नाही. ना. सी. फडक्यांचे नायक टेनिस खेळतात, मोटार चालवतात, मोठी मोठी तत्त्वं बोलतात. भाषा लोण्यासारखी, हे कुणी नाकारू नये. फडके कलेसाठी कला म्हणाले, खांडेकर जीवनासाठी कला म्हणाले, दोघांच्या बाजूंनी कितीतरी शाई सांडली. आमच्या वस्तीपर्यंत यातली ना कला आली ना जीवन. चंद्रकांत काकोडकर मात्र चाळीत पोचले होते. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' हा सिनेमा निघाला. त्यांची 'श्यामा' ही गोष्ट १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तर अश्लील म्हणून खटला झाला. पार सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६९ साली कोर्टानं सांगितलं की यात अश्लील काही नाही. एका मास्तरच्या आयुष्यात तीन बाया येतात, एवढ्यावर समाजाची नीती सात वर्षं धोक्यात होती! पण सगळ्या मराठी प्रेमकादंबऱ्यांत मिळून हजारो लग्नं लागली आणि बहुतेक सगळी आपापल्या वर्तुळात लागली, यावर कुणी कधी दावा ठोकला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेच्या निर्मूलना'त सांगून टाकलं की जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न. सहभोजन पुरणार नाही, रक्त एक झालं पाहिजे. हे खरं धरलं तर या देशात प्रेमकादंबरी हे सगळ्यात स्फोटक पुस्तक पाहिजे. सरकारनं बंदी घालावी, गावानं होळी करावी असं पुस्तक. प्रत्यक्षात ते रेल्वेच्या प्रवासात उशाला घ्यायचं पुस्तक झालं. बॉम्बमधली दारू काढून घेतली आणि वर रंगीत कागद लावला.

प्रेमकादंबरीत ओठांवर पानंच्या पानं असतात. गुलाबी ओठ, थरथरते ओठ. मी गिरणीतला माणूस, मला ओठ म्हटलं की दुसरंच आठवतं. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत साळखात्यात कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्याला साळखात्यात घेत नव्हते. साळखात्यात पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. कामगारांची एकजूट, लाल बावटा, सगळं होतं, पण धाग्याला लागलेले आमचे ओठ त्यांना चालत नव्हते. आता सांगा, ओठांवर एवढं लिहिणाऱ्या मराठी प्रेमकादंबरीला हे ओठ कधी दिसले? गिरणगावात एवढी वर्षं गेली, एवढे साचे चालले, एकानंही हा धागा उचलून प्रेमकथा विणली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची, म्हणजे गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षाची. २०१३ साली तिच्यावर सिनेमा आला तेव्हा आमच्या गिरणीतली पोरं पाळी बुडवून गेली. मी पुस्तक तीनदा वाचलं. दोस्तीचं एवढं जिवंत चित्र दुसरीकडं नाही. पण कट्ट्यावर बसलेले कोण? तळवलकर, पाटील, घाटगे. त्यांच्यात भांडणं होतात, प्रेमं मोडतात, बापाचा पैसा आडवा येतो, आजार आडवा येतो. मला प्रत्येक वेळी वाटतं की मी त्या कट्ट्यावर जाऊन बसलो तर दिग्या मला चहा नक्की पाजील. दिलदार गडी आहे. मग गप्पा मारता मारता तो विचारील, "पूर्ण नाव काय रे तुझं?" आणि पुढचं प्रकरण लिहिलेलं नाही.

चेतन भगतची 'टू स्टेट्स' २००९ ची, मी हिंदीत वाचली. पंजाबी मुलगा, तमिळ मुलगी, दोघांचे आईबाप विरोधात. देशाची एकात्मता वगैरे. मल्होत्रा आणि स्वामिनाथन! दोन राज्यं ओलांडायला त्यांना आख्खी कादंबरी लागली. आमच्या गावात मधला ओढा ओलांडायला किती लागतील?

आमच्या बाजूनं कुणी लिहिलंच नाही असं नाही. अण्णा भाऊ साठ्यांना लोक 'फकिरा'साठी ओळखतात, ते बरोबर आहे, पण मी म्हणतो अण्णा भाऊंच्या प्रेमकथा वाचा. स्वतः मुंबईत गिरणीत राबलेला माणूस. त्यांच्यातही योगायोग भारी असतात, तलवारी फार निघतात, नायिका संकटात पडली की नेमका नायक त्या वाटेनं येतो. हे सगळं कबूल. पण त्यांची 'आवडी' बघा. चौगुल्याच्या घरातली आवडी आणि रामोश्याचा धनाजी. भाऊच बहिणीचा जीव घेतो. कोण मारणार हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं, तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही. उलट माहीत असतं म्हणूनच ठेवता येत नाही.

आणि माझ्या मते मराठीतली सगळ्यात थरारक रहस्यकथा रहस्यकथांच्या कपाटात नसतेच. ती बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. १९६३ चा संग्रह. गडी रेल्वेत नोकरीला उधन्याला जातो, खोली मिळवतो, लोक त्याला वरच्या जातीचा समजून मान देतात. खून नाही, तिजोरी नाही, पिस्तूल नाही. फक्त एक आडनाव झाकलेलं. प्रत्येक ओळीला वाटतं, आता कळलं, आता कळलं. मी ती रात्री दोन वाजता वाचली आणि माझा घसा कोरडा पडला. काळ्या पहाडानं माझा घसा कधी कोरडा पाडला नव्हता. त्यानंतर मी कामासाठी परगावी गेलो, खोली बघायला घरमालकाच्या दारात उभा राहिलो आणि तो म्हणाला, "नाव कळलं, आडनाव?" तेव्हा मला समजलं की बागुलांनी काही रचलेलं नव्हतं. खोली मिळाली नाही. त्याच्या बायकोनं आणलेलं पाणी दारातच थांबलं.

इथं रहस्य आणि प्रेम एकत्र येतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपल्यातला सतरा वर्षांचा एक पोरगा मारला गेला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारला, असा आरोप होता. दिवसाउजेडी शाळेतून मारत नेला, नंतर प्रेत झाडाला लटकलेलं मिळालं. खटला चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टानं आरोपींना निर्दोष सोडलं.

आता मी अर्नाळकरांपासून शिरवळकरांपर्यंत वाचलेला माणूस, मला सांगा ही कुठल्या प्रकारची कादंबरी? प्रेमकथा म्हणावी तर दोघं नुसतं बोलले असतील तेवढंच. रहस्यकथा म्हणावी तर रहस्यकथेत खून कुणी बघत नाही आणि शेवटी सगळ्यांना कळतो. इथं भरदिवसा झालेला खून शेवटी कुणीच बघितला नाही. बॅरिस्टर अमर विश्वास उलटतपासणीत खोटा साक्षीदार रडवतो. खरा साक्षीदार खोटं बोलायला लागला तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा थिएटरात शेवटी सगळे गप्प झाले होते. पण गाण्यावर नाचले होते तेच गप्प झाले आणि बाहेर येऊन पुन्हा गाणंच वाजवायला लागले. माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तर मी आता स्वतःच लिहायला घेतलंय. कवितेतून हे मावत नाही. रिंग फ्रेमवर धागे सांधता सांधता मनात जुळवतो, पाळी सुटली की वहीत उतरवतो. खून कुणी केला हे पहिल्याच पानावर सांगितलंय. आडनावासकट सांगितलंय. तपास करणारा डिटेक्टिव्ह नाही, ग्रामपंचायतीचा शिपाई आहे. त्याला सगळ्या घरांत जावं लागतं आणि कुठल्याच घरात बसता येत नाही. गावात कोण काय लपवतंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. नायिका काळी आहे. घरंदाज आहे का, हे तिला स्वतःला माहीत नाही.

वाइंडिंगमधल्या मावशीला दोन प्रकरणं वाचून दाखवली. तिनं डबा झाकला, हात पुसले आणि म्हणाली, "काय बी लिही, पर पोरीला मारू नगंस. त्या मोबाइलातल्या कशा, शंभर भाग जगत्यात."

मी म्हटलं, बघतो. सध्या तिसरं प्रकरण चालू आहे आणि पोरगी जिवंत आहे.